मैत्रेयीची कोरी पत्रं

घाटंजी,
दि. ११ जानेवारी २००७

मित्रवर्य बळीराम यास नागोरावचा सप्रेम जयभीम.

तुझी व वहिनींची तब्येत उत्तम असावी, पांढरकवड्याची थंडी तुझ्या गुडघ्यांनी सोसली असावी, आणि हायवेवरच्या ट्रकांनी रात्री झोप मोडते ही तुझी वीस वर्षांची तक्रार अजून तशीच असावी, असं धरून चालतो. आमच्याकडे सर्व कुशल आहे. (हे वाक्य मी नोकरीत असताना, लिहिता न येणाऱ्या लोकांसाठी, खिडकीच्या आत बसून हजार वेळा लिहून दिलं. आज स्वतःसाठी लिहिताना हात अडखळला. म्हणून दुरुस्ती करतो: आमच्याकडे सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत. कुशलचं खाली सविस्तर येईल.) बळीराम, तुझ्या मित्राला धक्का बसला आहे. डॉक्टरकडे दाखवण्यासारखा नाही, तसला असता तर गोळी घेऊन मोकळा झालो असतो. तू जन्मभर इंग्रजी शिकवलंस, शेकडो पोरांचे निबंध वाचलेस, तेव्हा एवढं लांबलचक पत्र वाचायची तुला सवय असेल. चहा घे, चष्मा पूस आणि बस.

तुला माहीतच आहे की गेल्या जूनच्या तीस तारखेला मी फुलसावंगीच्या पोस्टातून सब पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो. शेवटची चार वर्षं तिथे एकट्याने खोलीवर काढली, रविवारी तेवढा घाटंजीला घरी येत होतो. आता कायमचा घरी आलो. महिना गेला नाही तोच आमची मैत्रेयी हैदराबादहून जीप करून आली आणि तिचा जुना संगणक आमच्या बैठकीत मांडून गेली. तिच्या कंपनीने तिला नवा दिला होता. "बाबा, तुमचा वेळ जात नाही ना? आता टपाल घरीच येईल," असं म्हणाली. संगणकात टपालाचा एक प्रोग्राम घालून दिला. डाव्या हाताला कप्पे, वरच्या बाजूला आलेल्या पत्रांची यादी (कोणाचं, विषय काय, किती वाजता आलं आणि वजन किती), आणि यादीतल्या नावावर टिचकी मारली की खाली पत्राचा मजकूर. मला ती मांडणी फार आवडली. पोस्टातल्या सॉर्टिंगच्या खणांसारखीच आहे, फक्त धूळ नाही. टेलिफोनची तार त्याला जोडायची, तो थोडा वेळ किंचाळतो, मग टपाल पडतं. आमच्या सौ. प्रभावतीने त्याला कशिदा काढलेला अभ्राही शिवून दिला. मी रोज दहाला अभ्रा काढायचो आणि पाचला घालायचो.

पहिले दोन महिने सगळं सुरळीत होतं. मैत्रेयीची पत्रं यायची, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेली, आणि मी एका बोटाने उत्तर द्यायचो. दसरा झाला आणि तिची पत्रं कोरी यायला लागली. कोरी म्हणजे अगदी कोरी! वर तिचं नाव बरोबर, विषय "खुशाली ३", तारीख, वेळ, सगळं चोख. टिचकी मारली की खाली पांढरा कागद. मी चौतीस वर्षं टपाल हाताळलं. फाटलेली पाकिटं पाहिली, पावसात भिजून लगदा झालेली पाहिली, एका पार्सलातून तर कोंबडीचं पिल्लू निघालं होतं. पण पत्ता आहे, शिक्का आहे आणि आत काही नाही, असं पाकीट माझ्या हातून एकदाही गेलं नव्हतं. आता स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीकडून, एकामागून एक!

मी तपास सुरू केला. वही उघडली, रकाने आखले. पहिला संशय तारेवर, कारण त्या आठवड्यात कापूस खरेदी केंद्रावरची बैलगाड्यांची रांग आमच्या दारापर्यंत आली होती (यंदा भावही पडलेला आणि केंद्रही दोन दिवस चालू, चार दिवस बंद, तू पेपरात वाचतच असशील) आणि एका उंच भरलेल्या गाडीने टेलिफोनची तार ओढून नेली होती. तार जोडली. पत्र कोरं. दुसरा संशय उंदरावर. बैठक झाडून घेतली, उंदीर सापडला नाही, हरवलेली कातर सापडली. तिसरा संशय असा की संगणक म्हातारा झाला. पण त्याच दिवसांत कापसाचं संकट पाहायला आलेल्या एका संशोधक बाईंनी (यंदा पाहायला येणारेही फार, आमच्या गल्लीत तीन वेळा पांढऱ्या गाड्या येऊन गेल्या) माझा पत्ता नेला होता, त्यांचं पत्र आलं, चाळीस प्रश्नांचं, आणि ते शेवटच्या ओळीपर्यंत स्वच्छ दिसलं. म्हणजे तार बरी, यंत्र बरं, परक्या बाईचं पत्र दिसतं, आणि पोटच्या मुलीचं दिसत नाही. आणि बळीराम, खरी गोम वजनात होती. त्या यादीत प्रत्येक पत्रापुढे वजन येतं. संशोधक बाईंचे चाळीस प्रश्न, वजन सात केबी. मैत्रेयीचं कोरं पत्र, वजन नऊ केबी! रिकाम्या पाकिटाला वजन नसतं, हे पोस्टातल्या माणसाला कोणी शिकवायला नको. आत काहीतरी होतंच.

मग मी हिरासिंगला बोलावलं. हिरासिंग राठोड म्हणजे बसस्टँडच्या मागे संगणकाचे क्लास घेतो तो, तिशीचा आहे, घाटंजीतली सगळी यंत्रं त्याच्याच हातची. तो आला, खुर्ची ओढून बसला, दहा मिनिटं इकडेतिकडे टिचक्या मारल्या आणि गंभीरपणे म्हणाला, "काका, फाँट उडला."

"कुठं उडला?"

"तसा नाई उडला जी. हाये, पण दिसून नाई राह्यला."

"मंग त्या बाईच्या पत्रात काहून दिसते?"

"त्यायचा फाँट वेगळा."

त्याने तो प्रोग्राम काढून टाकला आणि पुन्हा घातला. पत्र कोरं. दुसऱ्या खेपेला विषाणू मारायची तबकडी आणली. ती दोन तास गुरगुरत होती, चौदा विषाणू मेले, पत्र कोरं. तिसऱ्या खेपेला मजकुराचा कप्पा मिटला असेल म्हणून तो बंद करून उघडला, लहान करून मोठा केला. कोरं ते कोरंच. दर खेपेला तो प्रभावतीच्या हातचा चहा घ्यायचा आणि तिला "याडी, येतो" म्हणून निघायचा. (त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. मला वाटलं, मुलगा संस्कारी आहे.) तिसऱ्या खेपेला जाताना त्याला जोराचा ठसका लागला आणि तो तोंडावर रुमाल धरून अंगणातून जवळजवळ पळाला. मला वाटलं, विषाणूंची धूळ गेली असेल.

रविवारी मैत्रेयीचा फोन आला तेव्हा मी सरळ तिलाच विचारलं.

"मैत्रेयी, तुही पत्रं कोरी येऊन राह्यली."

"हो का? सर्व्हरचा प्रॉब्लेम असेल बाबा."

"काय लिहिलं होतं त्यात?"

"काही विशेष नाही. खुशाली."

"मंग आता फोनवर सांग."

"आम्ही खुशाल आहोत."

"हे झाले तीन शब्द. वजन नऊ केबी हाये."

मग प्रभावतीने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला, "पोरगी कामावरून थकून येते, तिची कायले उलटतपासणी करता," असं म्हणाली, आणि मला बाजूला व्हावं लागलं.

आता मुख्य घटना सांगतो. डिसेंबरच्या अठरा तारखेला, सोमवारी, दुपारी अडीच वाजता, प्रभावती शेजारच्या विमलताईकडे बचत गटाच्या बैठकीला गेलेली होती. (आठवड्यातून तीनदा बैठक असायची. एवढ्या वेळा तर विधानसभाही भरत नाही, पण मी कधी विचारलं नाही.) "खुशाली ११" येऊन पडलं होतं, वजन बारा केबी. मी रागावलो होतो, हे कबूल करतो. त्या पांढऱ्या कागदावर उंदीर, म्हणजे यंत्राचा उंदीर, मी इकडून तिकडे ओढला, जशी आपण रागाने पाटी पुसतो तशी. आणि बोटाखालचं बटण दाबलेलं राहिलं. कागदावर निळा पट्टा उमटला. मी ओढत गेलो तसा तो खाली पसरत गेला, आणि बळीराम, त्या निळ्या पट्ट्यात अक्षरं दिसायला लागली. पांढरी! ओळीच्या ओळी! पांढऱ्या कागदावर पांढऱ्या शाईने माझी मुलगी गेले अडीच महिने पत्रं लिहीत होती. तार, उंदीर, फाँट, विषाणू, सर्व्हर, सगळे निर्दोष होते. घाईत एक टिचकी भलतीकडे पडली, पट्टा निसटला आणि पत्र पुन्हा कोरं झालं. पुन्हा ओढलं. पुन्हा दिसलं. मी उठून पाणी प्यायलो आणि दाराला आतून कडी लावली. (काहून लावली ते सांगता येत नाही. स्वतःच्या घरात चोरी करतोय असं वाटलं.)

पत्र मला नव्हतं. पत्राची सुरुवात अशी होती: "आई, मागणीचा नियम पुन्हा एकदा सांगते. वस्तूची किंमत कमी झाली की तिची मागणी वाढते. कापूस उदाहरणाला घे." आणि त्याच्याखाली, तिने ज्या पत्राचं उत्तर दिलं होतं ते पत्र जोडलेलं होतं, तेही पांढरंच, आणि ते प्रभावतीचं होतं. माझ्या बायकोचं! जी बाई संगणकाला हात लावताना आधी तो पदराला पुसून घ्यायची आणि "मले नाई समजत बावा ह्यातलं" म्हणायची, तिने टंकलेलं पत्र! तिने लिहिलं होतं: "मैत्रेयी, कापसाचं उदाहरण नको. दारासमोर सहा दिवसांपासून गाड्या उभ्या आहेत, भाव पडला आहे, आणि तरी केंद्रवाला म्हणतो आज काटा बंद. खरं लिहिलं तर मार्क जातील, आणि पुस्तकातलं लिहिलं तर माझा हात चालणार नाही. कांद्याचं उदाहरण दे."

मार्क! मी खुर्चीत मागे टेकलो. मग मागची दोन पत्रं उघडून निळा पट्टा ओढला, आणि सगळा उलगडा झाला. माझी पत्नी सौ. प्रभावती, वय बावन्न, जिला मी लग्न झाल्यापासून सगळीकडे "आमची आठवी पास" म्हणून सांगत आलो, ती सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसते आहे. मैत्रेयी तिला हैदराबादहून धडे पाठवते. इंग्रजीचं व्याकरण, मागणी, पुरवठा, काय काय. (मागणी-पुरवठा दहावीला आता आलेला दिसतो. आपल्या वेळी एवढं नव्हतं.) बचत गटाची बैठक म्हणजे हिरासिंगचा क्लास. तिथे ती जूनपासून संगणक शिकते. घरात टपालाचा पत्ता एकच, माझा, म्हणून मी झोपल्यावर ती माझ्याच कप्प्यातली पत्रं निळ्या पट्ट्याने वाचते आणि उत्तर क्लासवरून पाठवते. आणि त्या हिरासिंगचा फाँट कधीच उडाला नव्हता. प्रभावतीने स्वच्छ लिहिलं होतं: "आज हिरासिंग पुन्हा येऊन गेला. हसू दाबून दाबून पोराची पुरेवाट झाली. तुझे बाबा त्याला वजनाचा हिशेब समजावून सांगत होते." चौदा विषाणू मारले म्हणून मी त्या माणसाला स्वतःच्या हाताने कपात दुसरा चहा ओतला होता!

माझ्याबद्दलही लिहिलं होतं. ते तुला सांगू नये, पण सांगतो. "बाबा दहाला खुर्चीत बसतात ते पाचला उठतात. मध्ये एक ते दोन जेवणाची सुट्टी. पोस्टात लोक निदान बाहेरून खिडकी ठोठावायचे, इथे आत मीच एकटी गिऱ्हाईक. पाच मिनिटाला हाक येते. अभ्यास करू कधी? सुपात पुस्तक ठेवते, वरून डाळ पसरते आणि निवडता निवडता वाचते." बळीराम, दसऱ्यापासून आमच्या वरणात खडे लागत होते. मी दोनदा दुकानदाराशी भांडून आलो होतो.

इथपर्यंत मला धक्का बसला होता, पण हसूही येत होतं. पुढचं मात्र मला गिळता आलं नाही. मैत्रेयीने एका ठिकाणी विचारलं होतं, "आई, बाबांना सांगून टाक ना, ते खूश होतील." त्यावर प्रभावतीचं उत्तर असं, जसंच्या तसं उतरवून काढलं आहे: "तू चौथीत होतीस तेव्हा क्वार्टरवर ह्यांचे मित्र जेवायला आले होते. मी पोळ्या वाढताना म्हणाले, मी पण सतरा नंबरचा फॉर्म भरते म्हणते. हे म्हणाले, पोळी गरम आण आधी, दहावी होऊन काय पोस्टमास्तर होतं काय? सगळे हसले. बळीरामभाऊ पण हसले. ह्यांना आठवतही नसेल. म्हणून आता निकाल हातात आल्याशिवाय सांगायचं नाही."

मला आठवत नाही. तीन आठवडे झाले, मी आठवून राहिलो आहे. क्वार्टर आठवतं, बाहेरचं लिंबाचं झाड आठवतं, तू मुंबईहून आणलेला रेडिओ आठवतो, जेवणं आठवतात. ते वाक्य आठवत नाही. चिडून बोललो असतो तर आठवलं असतं, भांडण लक्षात राहतं. मी ते सहज बोललो असणार, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं, आणि तिने ते सतरा-अठरा वर्षं जपून ठेवलं. आणि मी कोण? दर चौदा एप्रिलला विहारासमोरच्या मांडवात स्त्रियांच्या शिक्षणावर पाऊण तास बोलणारा माणूस! पहिल्या रांगेत कोण बसतं? तीच. टाळ्या कोण सुरू करतं? तीच. ती काय विचार करून टाळ्या वाजवत असेल, या प्रश्नाने माझी दुपारची झोप गेली आहे.

उरलेली आठ पत्रं मी वाचली नाहीत. तीन वाचली तीच माझी नव्हती. अभ्रा घातला, कडी काढली, ओट्यावर जाऊन बसलो. समोर गाडीवाले गाडीखाली भाकरी खात होते, एकाने "मास्तर, जेवता का?" विचारलं. साडेचारला प्रभावती पिशवी घेऊन आली. आजवर मी त्या पिशवीत काय असतं हे पाहिलं नव्हतं. वहीचा कोपरा दिसत होता.

"आलं काय पोरीचं काही?" तिने विचारलं.

"आलं. कोरंच हाये," मी म्हणालो.

ती एक क्षण माझ्याकडे पाहत राहिली, मग आत गेली. चाळीस वर्षांच्या मैत्रीत तुझ्याशीही खोटं बोललो नव्हतो, त्या दिवशी बायकोशी बोललो, आणि ते इतकं सोपं गेलं की त्याचाही धक्का बसला.

दुसऱ्या दिवसापासून मी ठरवलं की हिला जागा करून द्यायची आणि कळू द्यायचं नाही. सकाळी लवकर उठून चहा मी करतो. पहिल्या दिवशी साखरेचा डबा सापडेना. सापडला तेव्हा त्यात मीठ होतं. ती पळत आली, माझ्या कपाळाला हात लावला, "तब्येत बरी हाये ना तुमची?" म्हणाली, आणि मला ओढत डॉक्टरकडे नेऊन रक्तदाब मोजून आणला. (एकशे तीसवर ऐंशी. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहे. ती म्हणाली, मग हे चहा काहून करून राह्यले?) दहा वाजता मी घराबाहेर पडतो. आधी इथल्या पोस्टाच्या व्हरांड्यात जाऊन बसलो, पण नव्या मास्तरांना वाटलं मी त्यांचं काम तपासायला आलो, ते घाबरून उभेच राहायला लागले. म्हणून आता खरेदी केंद्राच्या रांगेत गाडीवाल्यांजवळ बसतो. चार-चार, सहा-सहा दिवस ती माणसं तिथे अडकलेली असतात. काटा चालू ठेवा म्हणून त्यांना अर्ज लिहून देतो, घरी निरोप द्यायचा असला तर पोस्टकार्ड लिहून देतो. बैल मला ओळखायला लागले आहेत. पाच वाजता घरी येतो, संगणक उघडतो, कोऱ्या पत्राकडे पाहतो आणि मोठ्याने "छे!" म्हणतो.

संशय येऊ नये म्हणून गेल्या आठवड्यात हिरासिंगलाही पुन्हा बोलावलं. तो बिचारा तबकडी घेऊन आला. आम्ही दोघं अर्धा तास त्या पांढऱ्या कागदासमोर गंभीर चेहरे करून बसलो. शेवटी मीच म्हणालो, "हिरासिंग, फाँट सापडायले किती दिवस लागतीन?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका, घाई नका करू. मार्च-एप्रिलपर्यंत आपोआप सापडते तो."

"मंग सापडू दे," मी म्हणालो. आणि बळीराम, त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि वाकून माझ्या पाया पडला. का पडला हे त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला वाटतं, त्यालाही कळलं असावं.

असो. खूप लिहिलं. वहिनींना जयभीम सांग. पत्र हाताने लिहिलं आहे, म्हणजे तुला दिसेल.

तुझा,
नागोराव

ता. क. : दहावीच्या इंग्रजीचं चांगलं गाइड आणि मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका तुझ्याकडे असतीलच. त्या बांधून पाठव. माझ्या पत्त्यावर नको, हिरासिंग राठोडच्या क्लासवर पाठव, आणि पाठवणाऱ्याच्या जागी मैत्रेयीचं नाव घाल. (टपाल खात्यात हे बसत नाही, मला माहीत आहे. पण मी आता खात्यात नाही.)

ता. क. २ : हे पत्र खरं म्हणजे पुढच्या कामासाठी आहे. परीक्षा मार्चमध्ये असते. मी घरात असलो तर तिला लपूनछपून पेपरला जावं लागेल. तरी तू फेब्रुवारी संपता संपता मला एक पत्र पाठव की तुझा पाय मोडला आहे, वहिनी माहेरी आहेत आणि सोबतीला मी पंधरा दिवस यावं. पाय कोणता ते आधी ठरवून कळव, म्हणजे दोघांच्या बोलण्यात फरक पडणार नाही.

ता. क. ३ : त्या दिवशी तू क्वार्टरवर होतास. मी खरंच तसं बोललो होतो काय? तुला आठवत असेल तर खरं कळव. पण उत्तर 'हो' असेल तर पोस्टकार्डावर लिहू नकोस, पाकिटात घाल.

*

बळीरामभाऊ, जयभीम. हे मागचं अक्षर माझं, प्रभावतीचं. ह्यांचा सदरा धुवायला घेतला तर खिशात हे पाकीट निघालं. डिंक ओला होता. वाचलं. मागची बाजू मोकळी होती म्हणून लिहिते, आणि परत चिकटवून खिशात ठेवते. ते स्वतःच पेटीत टाकतील.

ह्यांनी पत्रं वाचली हे मला त्याच सोमवारी समजलं. "कोरंच हाये" म्हणाले आणि चिडले नाहीत. हिरासिंगनेही येऊन सांगितलं.

दहावीचं गाइड पाठवू नका. दहावी मी २००५ च्या मार्चमध्ये झाले, हे फुलसावंगीला होते तेव्हा. पहिल्याच खेपेला, चौपन्न टक्के. तो निकाल हातात घेऊन दोन रविवार ह्यांची वाट पाहिली. पहिल्या रविवारी हे झोपले आणि दुसऱ्या रविवारी पाहुणे आले. मग म्हटलं राहू द्या. आता बारावीचं चालू आहे. अर्थशास्त्राचं पुस्तक मिळालं तर बघा, मागणीच्या नियमाला जे अपवाद आहेत ते मला पाठ होत नाहीत.

पाय मार्चमध्ये मोडून चालणार नाही. बारावीचे पेपर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतात, तेव्हा पंधरा फेब्रुवारीलाच मोडा आणि पंधरा दिवसांत नाही, महिन्याने बरा होऊ द्या. डावा म्हणा. वहिनींना माहेरी पाठवू नका, नाहीतर हे तुमच्याकडे स्वयंपाक करायला बघतील.

ते बोलले होते का, याचं उत्तर 'हो' असंच कळवा. पोस्टकार्डावर लिहिलं तरी चालेल. तुम्ही हसला होतात तेही लिहा.

मात्र बारावीचं त्यांना आत्ता सांगू नका. मी दहावीला बसले आहे असं समजून त्यांनी सकाळचा चहा हातात घेतला आहे. बारावी म्हटलं तर घाबरून सोडून देतील. साखर अजून जास्तच पडते, पण मी काही बोलत नाही.